वीस वर्षांची ऑक्टाव्हिया आरएस: ब्रेक, सस्पेन्शन, एक्सल, आधी कशाला हात घालावा?

शाहूपुरीकर

मंडळी, नमस्कार. जरा सविस्तर लिहितोय, कारण अर्धवट माहितीवर मिळालेला सल्ला अर्धवटच असतो.

गाडी स्कोडा ऑक्टाव्हिया आरएस, २००५ चं मॉडेल. १.८ टर्बो पेट्रोल, वीस व्हॉल्व्ह, १५० बीएचपी, पाच गिअर. पासिंग एमएच ०९, म्हणजे कोल्हापूर. इंजिन ठणठणीत आहे, टायमिंग बेल्ट आणि वॉटर पंप वेळेवर बदललेत, टर्बो शिट्टीसारखा वाजत नाही, धूर नाही. इंजिनाबद्दल तक्रार शून्य. तक्रार आहे ती गाडी थांबवण्याची आणि वळवण्याची.

गेल्या पावसाळ्याच्या शेवटी चौघं जण आणि सामान घेऊन गगनबावड्याहून करूळ घाटाने वैभववाडीकडे उतरत होतो. पुढे मालट्रक, त्यामुळे ब्रेकवर पाय सारखाच. शेवटच्या टप्प्यात पेडल स्पंजासारखं मऊ झालं आणि नेहमीपेक्षा बरंच खाली गेलं. दोनदा पंप केल्यावर धरलं. खाली जाऊन अर्धा तास थांबलो, गाडी थंड झाली आणि पेडल पुन्हा जागेवर आलं. परत येताना पुन्हा काही झालं नाही, पण विश्वास उडाला तो उडालाच.

शिवाय तीन गोष्टी. कळे आणि साळवणच्या स्पीडब्रेकरवर पुढून खडखड येते. स्टिअरिंग पूर्ण फिरवून गाडी वळवली की डाव्या बाजूने कट-कट आवाज येतो. आणि हायवेला शंभरच्या पुढे लेन बदलली की पुढचा भाग आधी जातो, मागचा जरा उशिरा मागोमाग येतो.

मनातला बेत असा: पुढे ३१२ मिमीच्या डिस्क, चारही बाजूंना कॉइलओव्हर (उंची कमी-जास्त करता येणारे स्प्रिंग-शॉकअप) टाकून गाडी ४० मिमी खाली, आणि पुढे रिमॅप (इंजिनाच्या संगणकात बदल करून ताकद वाढवणं) करायचा विचार असल्यामुळे पुढच्या चाकांना ताकद पोचवणारे दणकट एक्सल. एका गॅरेजमध्ये सांगितलं, कॉइलओव्हरला एवढे पैसे कशाला, आहेत त्याच स्प्रिंग कापून देतो. ते मी करणार नाही, एवढं पक्कं आहे. बाकी क्रम कसा लावावा हे सांगा. रोजचा वापर शहरात, महिन्यातून एखादी कोकणची फेरी, अधूनमधून पहाटे पन्हाळा.

जुनी टर्बो

पुण्याहून लिहितोय, तुमचीच गाडी माझ्याकडेही आहे, म्हणून हा धागा सोडवेना.

आधी पेडलचं निदान, कारण इथे लोक लगेच मोठ्या डिस्ककडे पळतात. घाटात ब्रेक कमी होण्याचे दोन वेगळे प्रकार आहेत. पेडल कडक आहे, पूर्ण जोर लावताय आणि गाडी मात्र थांबत नाही, तर पॅड तापून घर्षण गेलं. पेडल मऊ होऊन खाली जातंय, तर ब्रेक ऑइल उकळलं आणि पाइपात वाफ झाली. द्रव दाबला जात नाही, वाफ दाबली जाते, म्हणून पंप केल्यावर धरतं आणि थंड झाल्यावर सगळं पूर्ववत होतं. तुमचं वर्णन दुसऱ्या प्रकाराचं आहे.

तिसराही एक प्रकार या इंजिनात दिसतो, तोही तपासा. १.८ टर्बोत इनटेकखाली व्हॅक्यूमच्या नळ्यांचं जाळं आहे. वीस वर्षांत रबर भेगाळतं, एकदिशा व्हॉल्व्ह गळतात आणि बूस्टरला, म्हणजे पायाचा जोर वाढवणाऱ्या डब्याला, पुरेसा व्हॅक्यूम मिळत नाही. मग थंड गाडीतसुद्धा पेडल कडक लागतं. तपासणी सोपी: इंजिन बंद करून पेडल चार-पाच वेळा दाबा, दाबून धरा आणि इंजिन चालू करा. पेडल आपोआप थोडं खाली सरकलं तर बूस्टर ठीक.

आता ब्रेक ऑइल. ते हवेतली ओल शोषतं आणि ओल शिरली की उकळण्याचं तापमान कोसळतं. डॉट ४ साठी किमान अट अशी की ताजं असताना २३० अंशांपर्यंत उकळू नये, आणि पाणी मुरलेलं असताना १५५. डॉट ३ ला तेच आकडे २०५ आणि १४०. डॉट ५.१ ला २६० आणि १८०. गगनबावड्यासारख्या धुवांधार पावसाच्या टापूत फिरणाऱ्या गाडीत दोन वर्षांनी ऑइल बदललंच पाहिजे, गाडी किती किलोमीटर चालली याच्याशी त्याचा संबंध नाही. तुमचं शेवटचं कधी बदललं? आणि नुसत्या डॉट ५ च्या डब्याला हात लावू नका. ते सिलिकॉनचं असतं, या ब्रेकसाठी नाही.

घाटात किती उष्णता तयार होते त्याचा हिशोब सांगतो, कारण तो पाहिल्यावर माझी स्वतःची गाडी चालवायची पद्धत बदलली. चौघं आणि सामान धरून गाडी १६०० किलो. ती शंभर मीटर उंचीवरून खाली आली की साधारण १५.७ लाख ज्यूल ऊर्जा कुठेतरी जिरवावी लागते. तीच गाडी १०० किमी वेगावरून पूर्ण थांबवायला सव्वासहा लाखांच्या आसपास. म्हणजे दर शंभर मीटर उतारामागे शंभराच्या वेगावरून अडीच वेळा करकचून थांबवल्याएवढी उष्णता. त्यातला वाटा इंजिनाने उचलला नाही तर सगळा भार डिस्कवर येतो, आणि ट्रकच्या मागे हळू उतरताना हवेचा गारवाही मिळत नाही.

मोठी डिस्क इथे उपयोगी पडते, नाही असं नाही. पण एकदाच जोरात ब्रेक मारला तर गाडी किती अंतरात थांबते हे टायर ठरवतो. एबीएस लागतोय म्हणजे आत्ताचे ब्रेक चाक लॉक करण्याइतके समर्थ आहेतच. ३१२ ची डिस्क देते ती उष्णता सामावण्याची क्षमता, आणि साधारण दहा टक्के जास्त टॉर्क, कारण पॅड केंद्रापासून बारा मिलिमीटर बाहेर सरकतो. तेव्हा पहिला प्रश्न हाच: टायर कोणत्या सालचे आहेत?

शाहूपुरीकर

टायरवरचा आकडा पाहिला, २०१७ चे निघाले. नक्षी भरपूर शिल्लक आहे म्हणून कधी लक्षच गेलं नव्हतं. ब्रेक ऑइल आधीच्या मालकाच्या बिलांत कुठेही दिसत नाही.

जुनी टर्बो

मग पहिले दोन खर्च ठरले. टायर आणि ऑइल. बाकी चर्चा सुरू राहू दे.

भट्टीवाली

शिरोलीत फौंड्रीत धातुपरीक्षणाचं काम करते, म्हणून डिस्क आणि एक्सल या दोनच गोष्टींवर बोलते.

ब्रेक डिस्क ग्रे कास्ट आयर्नची का असते, स्टीलची का नसते? ग्रे आयर्नमध्ये ग्रॅफाइट पापुद्र्यांच्या रूपात असतं. हे पापुदरे उष्णता पटकन पसरवतात आणि कंपनं आतल्या आत जिरवतात. ताकदीत स्टील सरस आहे, पण डिस्कचं काम ताकदीपेक्षा उष्णतेचं आहे. चांगल्या डिस्कमध्ये कार्बन जरा वाढवलेला असतो, त्यामुळे तापून-गार होऊन पडणाऱ्या बारीक भेगा उशिरा येतात. तेव्हा कोणी भोकं पाडलेली चकचकीत डिस्क दाखवली तर भुलू नका. रस्त्यावरच्या गाडीत त्या भोकांच्या कडेपासूनच भेगा सुरू होतात. साधी, हवा खेळती राहणारी, नावाजलेल्या कंपनीची डिस्क घ्या.

दुसरं, ब्रेक मारल्यावर स्टिअरिंग थरथरलं की सगळे म्हणतात डिस्क वाकली. लोखंडाची डिस्क अशी सहजी वाकत नाही. बहुतेक वेळा हबच्या (डिस्क आणि चाक ज्यावर बसतं त्या भागाच्या) तोंडावर गंज असतो, त्यावर नवी डिस्क बसवली की ती केसभर तिरकी बसते, फिरताना पॅडला एकाच जागी घासत राहते, आणि काही हजार किलोमीटरनंतर जाडीत फरक पडून थरथर सुरू होते. हब वायर ब्रशने चांदीसारखा स्वच्छ करा. डिस्क बसवून सगळे बोल्ट आवळा आणि डायल गेज (बारीक डुगडुग मोजणारं काट्याचं यंत्र) लावून एक फेरा फिरवा. काटा पाच शतांश मिलिमीटरच्या आत राहिला पाहिजे. उद्यमनगरात डायल गेज कुठल्याही शेडमध्ये मिळेल, गॅरेजवाल्याने नाही म्हटलं तरी आग्रह धरा. जुनी डिस्क लेथवर घासून घेणार असाल तर किमान जाडी डिस्कच्या कडेलाच ठोकलेली असते, त्याखाली एक दशांशही जायचं नाही.

आता एक्सल. आपल्या गावात कुठलाही भाग बनवून मिळतो आणि त्याचा मला अभिमान आहे. पण पुढच्या चाकाचा एक्सल शाफ्ट गोल सळईतून लेथवर काढू नका, आणि तुटलेला वेल्ड तर अजिबात करू नका. मूळ शाफ्टचा पृष्ठभाग इंडक्शनने कडक केलेला असतो, आतला गाभा चिवट ठेवलेला असतो. पिळाचा ताण पृष्ठभागावर सर्वांत जास्त, म्हणून कडकपणा तिथेच हवा. नुसतं ईएन २४ जातीचं स्टील वापरलं म्हणजे झालं असं नसतं. स्प्लाइनच्या, म्हणजे शाफ्टच्या टोकावरच्या दात्यांच्या, मुळाशी एक तीक्ष्ण कोपरा राहिला की तिथून थकव्याची भेग सुरू होते, ती बाहेरून दिसत नाही आणि एके दिवशी शाफ्ट पिळून निघतो. आमच्याकडे तपासायला आलेल्या तुटक्या शाफ्टचं तोंड पाहिलं की शिंपल्यासारख्या रेघा दिसतात. त्या रेघा सांगतात की भेग कितीतरी आधीपासून हळूहळू वाढत होती.

उद्यमनगरचा लेथवाला

ताई बरोबर बोलल्या. भावा, माझ्याकडं दर महिन्याला कोणतरी एक्सल घेऊन येतंय, करून दे म्हणतंय. मी सरळ सांगतो, ट्रॅक्टरच्या ट्रॉलीचा असंल तर बघू, कारच्या पुढच्या चाकाचा न्हाई.

माझ्याकडनं काय करून घ्यायचं ते सांगतो. एक, बुश (सांध्यातलं रबर) दाबायची डाय. मागच्या एक्सलचा बुश हातोड्यानं ठोकून बसवतेत, तिथंच निम्मा मरतो. बुशच्या बाहेरच्या कड्याच्या मापाची रिंग आणि मधनं जाणारा थ्रेडचा रॉड, एवढ्यात काम होतंय आणि एक्सल गाडीखालनं पूर्ण काढायला पण लागत न्हाई. दोन, हब रिंग. बाहेरचा अलॉय टाकला तर मधलं भोक मोठं असतंय आणि स्कोडाचा हब ५७.१ मिलिमीटरचा. मधली फट भरली न्हाई तर चाक फक्त बोल्टवर लोंबकळतंय आणि ऐंशीच्या पुढं थरथर चालू.

स्पेसर मागायला येतील त्यांना पण सांगतो, स्पेसर जेवढा जाड तेवढाच बोल्ट लांब पायजे. बोल्ट १४ चा हाय, म्हणजे निदान १४ मिलिमीटर तरी थ्रेडमध्ये आत गेलाच पायजे. त्याच्यात तडजोड न्हाई.

घाटवळण

आंबा घाटातून रत्नागिरीला जाणं-येणं हा माझा व्यवसायाचाच भाग आहे, त्यामुळे थोडं रस्त्याच्या बाजूने.

४० मिमी खाली करायच्या आधी एकदा चार माणसं आणि डिकीत सामान भरून गाडी घरासमोर उभी करा आणि टेप लावून पुढच्या बंपरखालची आणि इंजिनखालच्या गार्डची उंची मोजा. मग त्यातून ४० वजा करा. आपल्याकडचे गावातले स्पीडब्रेकर कुठल्याही मापात बसत नाहीत, प्रत्येक गावाचा आकार वेगळा. ऊसतोडीच्या हंगामात साखर कारखान्यांकडे जाणाऱ्या रस्त्यांवर ट्रॉल्यांमुळे चाकोऱ्या पडतात, मध्ये डांबराचा उंचवटा तयार होतो. खाली केलेल्या गाडीचं तेलाचं पॅन तिथे पहिलं घासतं.

आणि हंगामाचंच दुसरं. रात्री मागे दिवा नसलेली दोन-दोन ट्रॉल्यांची गाडी वळणावर अचानक समोर येते. तेव्हा कामाला येतात टायर, एबीएस आणि शॉकअप. शॉकअपचं नाव मुद्दाम घेतोय. गळका शॉकअप चाक जमिनीवर दाबून ठेवत नाही, चाक उडतं, उडालेल्या चाकाला ब्रेक लावून काय उपयोग? खडबडीत रस्त्यावर ब्रेक लांबण्याचं कारण पुष्कळदा शॉकअपमध्ये असतं आणि माणूस पॅड बदलत बसतो.

उतरताना ज्या गिअरमध्ये गाडी आपोआप वेग धरून ठेवते त्या गिअरमध्ये उतरा. टर्बो पेट्रोल आहे, दुसऱ्या गिअरमध्ये इंजिन व्यवस्थित धरतं. ब्रेक सतत हलका दाबून ठेवू नका. वळणाआधी नीट दाबून वेग उतरवा आणि पूर्ण सोडा, तेवढ्या वेळात डिस्कला हवा लागते. खाली उतरल्यावर ब्रेक फार तापले असतील तर लगेच हँडब्रेक ओढून उभे राहू नका, एक-दोन किलोमीटर हळू चालवत राहा.

शाहूपुरीकर

सगळ्यांचे मनापासून आभार. गाडीखाली जाऊन मोजलं, पुढची डिस्क २८८ बाय २५ आहे. डाव्या बाजूचा बाहेरचा सीव्ही बूट (एक्सलच्या वळत्या सांध्यावरचं रबरी कव्हर) फाटलाय, ग्रीस रिमच्या आतल्या बाजूला उडालंय, म्हणजे कट-कट त्याचीच.

एक प्रश्न राहतोच. गाडी खाली केली तर वळणात जास्त चिकटून राहील ना? सगळीकडे तसंच वाचलंय.

जुनी टर्बो

इथे थोडा वेळ घेतो, कारण सर्वांत जास्त पैसे याच गैरसमजात जातात.

गुरुत्वमध्य खाली आला की फायदा होतो, हे खरं. पण तुमच्या पुढच्या बाजूला मॅकफर्सन स्ट्रट आहे, स्प्रिंग आणि शॉकअप एकत्र असलेला खांब. त्यात लोअर आर्म, म्हणजे चाकाला खालून धरणारा दांडा, साधारण आडवा असतो तेव्हा भूमिती चांगली चालते. गाडी खाली आली की आर्मचं चाकाकडचं टोक वर जातं, आणि रोल सेंटर नावाचा जो बिंदू आहे, ज्याच्याभोवती गाडी वळणात कलते, तो गाडीपेक्षा जास्त खाली घसरतो. गुरुत्वमध्य आणि रोल सेंटर यांतलं अंतर वाढलं म्हणजे कलायला लावणारा तरफेचा हात वाढला. परिणाम असा की खाली केलेली गाडी, स्प्रिंग तेवढ्या कडक नसतील तर, उलट जास्त कलते. त्यात टाय रॉड (स्टिअरिंगचा दांडा) आणि आर्मचे कोन जुळेनासे होतात आणि खड्ड्यावरून जाताना चाक स्वतःच टो, म्हणजे आत-बाहेर वळलेली दिशा, बदलतं. स्टिअरिंग हातात असूनही गाडी भरकटल्यासारखी वाटते.

एक्सलचंही तेच. गाडी खाली गेली की शाफ्टचा कोन वाढतो, सीव्ही जॉइंट कायम तिरका फिरतो, लवकर तापतो आणि बूट लवकर फाटतो. तुमच्या गाडीचा पाया फोक्सवॅगन गोल्फच्या चौथ्या पिढीचा आहे. तिकडच्या फार खाली केलेल्या गाड्यांमध्ये शाफ्ट चेसीच्या दांड्याला आणि अँटिरोल बारला घासतो, म्हणून लोक दांड्याला खाच मारतात. आपल्या रस्त्यांवर चेसीला खाच मारलेली गाडी मला चालवायची नाही.

म्हणून माझा सल्ला: मूळ उंचीच्या स्प्रिंग नव्या घ्या आणि चांगले शॉकअप टाका. बिलस्टीनचा बी४ मूळ जागी बसणारा, बी६ मूळ उंचीलाच पण जास्त दमदार, बी८ आखूड स्प्रिंगसाठी. तुमच्या वापराला बी६ नेमका. फारच वाटलं तर १५-२० मिमी खाली आणणाऱ्या स्प्रिंग आणि बी८, त्याच्या पलीकडे नाही. स्प्रिंग कापणं तुम्ही आधीच नाकारलंत ते उत्तम केलंत. कापलेल्या स्प्रिंगचं टोक बैठकीत नीट बसत नाही आणि चाक लोंबकळलं की स्प्रिंग जागेवरून सरकते.

मागचा भाग उशिरा येतो म्हणता, तो मागच्या एक्सलच्या बुशचा दोष असणार. मागे टॉर्शन बीम आहे, एक आडवा एक्सल आणि दोन्ही टोकांना दोन मोठे बुश. हे बुश मुद्दाम तिरके बसवलेले आहेत. वळणात बाजूचा जोर आला की साधा बीम मागची चाकं चुकीच्या दिशेला वळवू पाहतो, आणि तिरक्या बुशमुळे तो परिणाम भरून निघतो. रबर वीस वर्षांनी मेलं की ही करामत संपते. बुशला पोकळ बाजू असते, ती कुठल्या दिशेला ठेवायची ते आवर्जून पाहून बसवा.

आणि हे गॅरेजवाल्याला मोठ्याने वाचून दाखवा: रबरी बुशचे बोल्ट गाडी लिफ्टवर चाकं लोंबकळत असताना पूर्ण आवळायचे नाहीत. गाडी चाकांवर उभी असते त्या उंचीला एक्सल आणि आर्म आणून मगच अंतिम टॉर्क द्यायचा. नाहीतर रबर कायमचं पिळलेल्या अवस्थेत राहतं आणि नवा बुश वर्षभरात फाटतो. चांगल्या पार्टवर खर्च करूनही अनेकांची गाडी पुन्हा खडखडते, त्याचं मुख्य कारण हेच.

पॉलीयुरेथेन बुश पुढच्या आर्मसाठी ठीक, मागच्या बीमला नको. कडक बुश तो तिरकेपणाचा खेळ होऊ देत नाही.

पासिंग

कागदांची बाजू कोणी काढली नाही म्हणून लिहितो. मोटार वाहन कायदा १९८८ मधलं कलम ५२ गाडीतल्या बदलांबद्दल आहे. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केलं की उत्पादकाने दिलेल्या मूळ तपशिलाशी विसंगत बदल चालणार नाहीत. त्याच मापाचा चांगला शॉकअप, चांगले पॅड, नवे बुश ही दुरुस्ती आहे. इंजिनाची ताकद वाढवणं, चेसी कापणं हा बदल. खासगी गाडीची नोंदणी १५ वर्षांची, पुढे दर ५ वर्षांनी नूतनीकरण. २००५ ची गाडी म्हणजे २०२० ला एकदा झालं असेल, आता २०२५ चं आलं. तपासणीला गाडी न्यावी लागते, तेव्हा ती मूळ रूपाच्या जवळ असेल तर त्रास कमी. विमा कंपनीलाही बदल लेखी कळवा, दावा करायच्या वेळी तेच आधी पाहतात.

दसऱ्याला राजाराम महाराजांची मेबॅक अजून रस्त्यावर निघते आणि लोक बघायला थांबतात. या गावाला जुन्या गाड्या चालत्या ठेवणं नवीन नाही. तुमची वीस वर्षांची आरएस तर तरुण आहे.

शाहूपुरीकर

काम झालं, म्हणून सविस्तर.

चार नवे टायर, २०५/५५ आर १६. ब्रेक ऑइल डॉट ४, चारही चाकांतून स्वच्छ येईपर्यंत काढलं. जुनं निघालेलं ऑइल कोऱ्या चहाच्या रंगाचं होतं. चारही चाकांच्या रबरी ब्रेक नळ्या बदलल्या, दोन नळ्यांना वाकवल्यावर बारीक भेगा दिसत होत्या. डिस्क २८८ च्याच, नव्या, पॅड रस्त्यावरचे पण जास्त तापमान सोसणारे. शर्यतीचे पॅड घेतले नाहीत, थंड असताना ते धरत नाहीत आणि सकाळी घराबाहेर पडताना पहिला ब्रेक तिथेच लागतो.

भट्टीवाली ताईंनी सांगितल्याप्रमाणे हब घासून डायल गेज लावला. उजवीकडे काटा तीन शतांशावर थांबला. डावीकडे आठ दाखवला. डिस्क काढून पाहिली तर हबच्या कडेला बोल्टच्या भोकाशी गंजाची एक खपली राहून गेली होती, नखाएवढीसुद्धा नव्हती. ती काढून पुन्हा बसवली, काटा तीनवर. मेकॅनिकने स्वतः दुसऱ्या गाडीसाठी गेज विकत घ्यायचं ठरवलं.

मग टोप गावाकडे हायवेला पहाटे रस्ता मोकळा असताना नवे पॅड डिस्कशी जुळवून घेतले. साठवरून दहापर्यंत मध्यम ब्रेक, पूर्ण थांबायचं नाही, पुन्हा वेग, असं सलग बऱ्याच वेळा, शेवटी ब्रेक न लावता थंड होईपर्यंत चालवत राहिलो.

डाव्या बाजूचा बाहेरचा सीव्ही जॉइंट ग्रीस गेल्यामुळे घासला होता, तो बदलला. शाफ्ट मूळचाच ठेवला. हबचा मोठा नट नवाच टाकला आणि नट ढिला असताना गाडी एक इंचही ढकलू दिली नाही, बेअरिंग जातं म्हणून.

पुढचे लोअर आर्मचे बुश, स्ट्रटचे वरचे माउंट, चार बी६, मूळ उंचीच्या स्प्रिंग. मागच्या एक्सलचे बुश लेथवाल्या भाऊंच्या डायने बसवले, बोल्ट गाडी चाकांवर उभी करून आवळले. शेवटी अलाइनमेंट.

खडखड गेली. लेन बदलताना मागचा भाग पुढच्याबरोबर येतो. वाघबीळपासून पन्हाळ्याच्या चढावर तर गाडी वेगळीच वाटली, वळणात एकदा कलली की तिथेच स्थिर राहते. करूळ घाट परवा पुन्हा उतरलो, चौघं जणच, दुसऱ्या गिअरमध्ये. पेडल वर होतं तिथेच राहिलं.

३१२ आणि रिमॅप सध्या नको. पण पुढेमागे ३१२ टाकलीच तर काय लागेल ते सांगून ठेवा.

जुनी टर्बो

फार आनंद झाला वाचून. ३१२ साठी तुमचे सध्याचेच कॅलिपर (पॅड डिस्कवर दाबणारे भाग) चालतात, फक्त त्यांना धरणारे कॅरिअर मोठे घ्यावे लागतात, डिस्क ३१२ बाय २५. कॅरिअरचे बोल्ट १२५ न्यूटन मीटर, चाकाचे १२०. सगळ्या सोळा इंची अलॉयमध्ये हे बसत नाही, आधी पुठ्ठ्याचा साचा कापून चाकाच्या आत जागा मोजा. रिमॅप केलात तर एक्सलची काळजी एवढीच: आत्ताच्या २१० न्यूटन मीटरचे पहिल्या गिअरमध्ये बारा-तेरा पट होतात, म्हणजे एकेका शाफ्टवर तेराशेच्या आसपास. मूळ शाफ्ट याहून बरंच जास्त सोसतो, तो मरतो क्लच आपटून सोडल्यामुळे आणि फाटक्या बूटमुळे. ब्रेकचा जोर तर या शाफ्टवरून जातच नाही, तो हबवरून थेट सस्पेन्शनला जातो, त्यामुळे मोठ्या डिस्कसाठी मोठा एक्सल लागतो असं कोणी सांगितलं तर ऐकू नका.

मागचे पॅड बदललेत का?

शाहूपुरीकर

पुढच्या आठवड्यात. मागच्या डिस्कची जाडी अजून मापात आहे, पॅड संपत आलेत.

घाटवळण

मग एक आताच सांगतो. मागच्या कॅलिपरचा पिस्टन सी-क्लॅम्पने दाबून आत ढकलायचा नाही. हँडब्रेकची यंत्रणा त्याच पिस्टनच्या आत आहे, तो दाब देत देत फिरवूनच आत जातो. ढकलला तर आतला स्क्रू बिघडतो आणि पूर्ण कॅलिपर घ्यावा लागतो. फिरवायचं हत्यार साधं असतं, नसेल तर काम दुसरीकडे न्या. आणि हँडब्रेकची लिव्हर सोडल्यावर कॅलिपरवरचा दांडा थेट थांब्याला टेकतोय का ते दोन्ही बाजूंना बघा. जुन्या गाडीत तो अर्ध्यावर अडकतो, मागचे पॅड सतत घासत राहतात.

शाहूपुरीकर

आत्ताच खाली जाऊन बघून आलो. उजवा टेकतोय, डाव्यात बोटभर फट आहे. केबल की कॅलिपर?

घाटवळण

केबल कॅलिपरवरून काढा आणि दांडा हाताने सोडा. टेकला तर केबल, नाही टेकला तर कॅलिपर.